मोराची मान

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत,
चिट्याल शेठच्या कारखान्यात मी डिझाइन करते.
म्हणजे चादरीवरचा मोर आधी माझ्या पडद्यावर उगवतो,
चौकोन चौकोन, दाणा दाणा,
मग वायरीतून मागावर उतरतो.

माझे सासरे, राजमल्लू वडनाल,
हेच काम पुठ्ठ्यावर करायचे. पंच आणि हातोडी.
एका मोराला बाराशे चाळीस कार्डं, दोऱ्यात ओवलेली.
भोक असेल तिथं धागा वर, नसेल तिथं खाली.
"हो किंवा नाही.
तुझ्या कंप्युटरला याहून जास्त काय येतं गं?"
असं म्हणून ते कडक भाकरी मोडतात.

एक गोष्ट मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत.
संध्याकाळी भोंगा झाला
की माळेची गाठ सोडून मानेची सोळा कार्डं काढायचे,
सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून घरी न्यायचे,
सकाळी पुन्हा ओवायचे.
एकदा रात्रीत कुणीतरी सगळी माळच पळवली.
महिन्याभरानं मंगळवार बाजारात
बिनमानेचे मोर विकायला आले,
डोकं थेट पिसाऱ्यावर ठेवलेले.
बायका हसत होत्या. चोर चादरीसकट सापडला.

हे सगळं मला ठाऊक होतं.
तरी माझ्या मशीनवरचं सॉफ्टवेअर
शेठच्या भाच्यानं पेनड्राइव्हवर आणलेलं, फुकटचं.
अँटिव्हायरस ओरडत होता, म्हणून आम्ही त्याचंच तोंड दाबलं.
रोज सकाळी एक खिडकी अदबीनं विचारायची,
अपडेट आत्ता करू की नंतर?
दोन वर्षं मी नंतर म्हणत आले,
दाताच्या डॉक्टरला म्हणावं तसं.
पासवर्ड सोलापूर एकदोनतीन.
मेलला तोच, बँकेला तोच, लाइटबिलाला तोच,
आणि विसरू नये म्हणून पडद्याच्या कडेला चिकटवलेला.

चैत्रातला सोमवार. चार दिवसांनी नळाला पाणी आलेलं,
म्हणून मी उशिरा पोचले.
फायलींची नावं कुणीतरी चावून थुंकल्यासारखी.
मध्ये एक इंग्रजी पत्र, खाली रक्कम,
आणि उलटं चालणारं घड्याळ.
शेठनं तीनदा वाचलं.
"मराठीत काय म्हणतोय?"
मी म्हटलं, शेठ, मोर ओलीस आहेत.

रात्री मामा माळ्यावर चढले, मला नको म्हणू दिलं नाही.
खाली आले ते पत्र्याची पेटी घेऊन.
बाराशे चोवीस कार्डं कंप्युटर आला त्या वर्षी
रद्दीत गेली होती, किलोवर.
उरली होती ती सोळा.
त्यांनी ती बाजेवर पत्त्यांसारखी मांडली.
सगळा मोर गेला आणि मान तेवढी घरात.
कुणी हसलं नाही.
"तू घरी काय आणत होतीस?" त्यांनी विचारलं.
मी डबा आणत होते. रिकामा.

पैसे दिले नाहीत. सायबर पोलिसांत कागद दिला.
मोर पुन्हा काढला, दाणा दाणा, दोन महिने,
डोळ्यांत थेंब घालून.
शेठनं कुरकुरत खरं सॉफ्टवेअर घेतलं, हप्त्यानं.
खिडकीनं विचारलं की मी आता चहा प्यायला उठते,
तिचं तिला करू देते.
पासवर्ड लांब आहेत, प्रत्येक दाराला वेगळा.
त्यातला एक तेलुगूत आहे,
सासूबाई मागाशी बसून पुटपुटायच्या त्यातला.
कुठला ते सांगणार नाही. इथंही नाही.

परवा मामांना फोन आला.
गोड आवाज, पेन्शन अडकलीय म्हणे,
मोबाइलवर सहा आकडे आलेत ते तेवढे सांगा.
मामा म्हणाले, "सहा? माझ्याकडं सोळा हाइत.
त्यातलं एकबी देत नाय."
आणि कितीतरी वेळ फोनकडं बघत बसले.

संध्याकाळी सहाला मी ड्राइव्ह काढते,
वायर गुंडाळते, डब्याच्या पिशवीत ठेवते.
काल त्याला शेंगाचटणीचं तेल लागलं.
पदरानं पुसलं.
रिक्षात पिशवी पोटाशी धरली होती,
हे घरी उतरताना लक्षात आलं.